१:२२० मधला पानवलचा पूल: डोंगर केला की आरास दिसते, कोकण दिसत नाही. मदत हवी

निवसरकर

मंडळी, नमस्कार. गेली दोन वर्षं झेड स्केलच्या मॉडेल रेल्वेवर काम करतोय. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: झेड म्हणजे १:२२०, दोन रुळांमधलं अंतर साडेसहा मिलिमीटर. १९७२ साली मार्क्लिन या जर्मन कंपनीने हे माप बाजारात आणलं. या मापात माणूस साडेसात मिलिमीटरचा होतो, जवळपास तांदळाच्या दाण्याएवढा.

माझं आजोळ रत्नागिरीजवळ. रत्नागिरी आणि निवसर स्टेशनांच्या मधे पानवल नदीवर कोकण रेल्वेचा जो पूल आहे, त्याचं काम चालू असताना मामा मला तिथे घेऊन जायचा. एका टोकाला पुलाचा भाग तयार करायचे आणि तो खांबांवरून पुढे ढकलत न्यायचे. ते दृश्य डोक्यातून कधी गेलंच नाही. पूल ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच. झेडमध्ये तो होतो १ मीटर ९३ सेंटिमीटर लांब आणि २९ सेंटिमीटर उंच. हॉलच्या भिंतीला २ मीटर ४० बाय ६० सेंटिमीटरचा बोर्ड बसवलाय, त्यात पूर्ण लांबीचा पूल मावतो. खांब आणि वरचा गर्डर माउंटबोर्डमधून कापून झाले आहेत, त्यावर मी समाधानी आहे.

अडलंय ते आजूबाजूचं. इन्सुलेशनच्या फोमचे थर चिकटवून दरी केली, वरून पीओपी, त्यावर हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा, गावाकडून आणलेली लाल माती. आईला दाखवलं. ती मनापासून म्हणाली, "छान झालीय रे आरास. यंदा गणपती इथेच बसवू या." तिला खरंच आवडलं होतं. पण मला त्या क्षणी कळलं की जिचं आख्खं बालपण त्या दरीत गेलं, तिला ती दरी यात दिसली नाही.

तेव्हा तीन प्रश्न. हिरवं खरं वाटायला काय करावं? लाल माती एवढी खरी असून खोटी का दिसते? आणि पूल पूर्ण लांबीचा ठेवू की आखडता घेऊन दरीला जागा देऊ?

पिवळा_सिग्नल

फोटो टाका आधी. आणि पुलाचे जास्त टाका.

घाटमाथा

फोटो पाहिले. खांब फार सुरेख झालेत.

मी एन स्केलमध्ये (१:१६०) बोरघाटाचा तुकडा करतोय, सहा वर्षं झाली. तुमच्याच ठिकाणी मी दोन वर्षं अडलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा सगळा अंतराचा घोळ आहे. तुमच्या बोर्डासमोर उभं राहिलं की डोळ्यापासून डोंगर साधारण ४५ सेंटिमीटरवर असतो. त्याला २२० ने गुणा: ९९ मीटर. म्हणजे बघणारा तुमच्या प्रत्येक झाडाकडे शंभर मीटरवरून बघतोय. आता एखाद्या रविवारी आमराईपासून शंभर पावलं लांब उभे राहा आणि नीट बघा. पान दिसत नाही. फांदी दिसत नाही. खोड फक्त राईच्या कडेच्या झाडांचं दिसतं. दिसतं काय, तर वर उजेड पडलेले गोल गोल पुंजके आणि त्यांच्या मधे जवळजवळ काळी सावली. तुमच्या डोंगरावर ती काळी सावलीच नाही. पांढऱ्या पीओपीवर थेट हिरवा भुसा टाकलाय, त्यामुळे दोन कणांमधून पांढरं डोकावतं आणि अख्खा डोंगर पिठूळ दिसतो.

मी काय करतो ते सांगतो. पीओपी कालवतानाच त्यात काळपट तपकिरी रंग टाकायचा, म्हणजे टवका उडाला तरी पांढरं दिसत नाही. सोफ्याच्या फोमचे तुकडे पाणी आणि ॲक्रिलिक रंग घालून मिक्सरमध्ये फिरवायचे, पिळून वाळवायचे आणि तीन चाळण्यांतून चाळायचे. (मिक्सर जुन्या बाजारातून वेगळा आणा. घरच्या मिक्सरमध्ये एकदा हे केलं की नंतरची चटणी कोणी खात नाही.) तीन हिरवे करायचे: एक जवळजवळ काळा, एक मधला, एक पिवळसर. भांडी घासायच्या नायलॉनच्या जाळीचा तुकडा सुटा करून त्याचा विरळ गोळा करा, पातळ फेविकॉलमध्ये बुडवा, आधी काळा हिरवा, मग मधला, शेवटी पिवळसर फक्त वरच्या बाजूला चिमटीने. असे तीनशे गोळे दाटीवाटीने लावलेत की राई होते. सुटी, खोडासकट झाडं पुढच्या कडेला दहा-बारा पुरतात.

भुसा मात्र काढून टाका. झेडमध्ये भुशाचा एक कण म्हणजे फुटबॉलएवढी गोष्ट झाली.

मृदुला_चिपळूण

घाटमाथा, उत्तम लिहिलंत. मी रेल्वेवाली नाही, जलरंगवाली आहे, पण चिपळूणची असल्याने राहवलं नाही.

निवसरकर, तुमची माती खरी आहे हे मान्य, पण तुम्ही ती सगळीकडे टाकलीये. कोकण लाल कुठे असतं? जिथे नुकतं खणलंय तिथे. रस्त्याची कड, रेल्वेची खोदाई, नवा भराव, कुदळ लागलेली बाग. जांभा खाणीतून काढला की तांबूस-केशरी असतो, पण चार पावसाळे खाल्लेला चिरा काळा पडतो, त्यावर शेवाळ चढतं. आमच्या घराचा गडगा (दगडी कुंपण) माझ्या आजोबांनी बांधलेला. तो आज पूर्ण काळा आहे, आणि जिथे म्हशीने शिंग घासलं तेवढाच एक लाल ओरखडा आहे. वरचा कातळही तसाच, काळा-करडा. लाल थोडं ठेवलंत तर डोळा तिथेच जाईल.

दुसरं, एकाच रंगाची लाल माती पुढेही आहे आणि मागेही. लांबचा डोंगर कधीच जवळच्यासारखा गडद नसतो, मधे हवा असते. पावसाळ्यात तर हवेत पाणीच असतं. मागच्या डोंगराच्या प्रत्येक रंगात थोडा निळसर करडा मिसळत जा. बाटलीतला तयार हिरवा नुसता कधीच वापरू नका, त्यात चिमूटभर गेरू घाला, लगेच जमिनीवर येतो.

तांबडी_माती

मृदुलाताई, आदर ठेवून असहमत. १:२२० मध्ये लोक सेकंदभर बघतात. लाल दिसलं की "कोकण!" म्हणतात. काळा-करडा केलात तर तो डोंगर ताम्हिणीचाही वाटेल आणि वायनाडचाही. खूण पुसून टाकून कसं चालेल?

मृदुला_चिपळूण

खूण पुसायला कुठे सांगतेय, ती जागेवर ठेवायला सांगतेय. आणि सेकंदभर बघणाऱ्यासाठी कोणी दोन वर्षं घालवत नाही हो.

पोफळी

लाल-काळ्याच्या वादात मी मधे पडत नाही, पण फोटोत मला दुसरंच खटकलं. तुम्ही वर कातळावर माड लावलेत. माड-पोफळी खाली असतात, पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाला, जिथे पाटाचं पाणी फिरतं. उतारावर आंबा-काजू. वर सड्यावर (कातळाच्या पठारावर) गवत आणि करवंदीच्या जाळ्या, बस्स. वरून खाली हा क्रम बरोबर लागला की रंग थोडा चुकला तरी कोकणातला माणूस ओळखतो.

माड करायची रीत: २० मीटरचा माड तुमच्या मापात ९ सेंटिमीटर. जुन्या वायरीतली तांब्याची तार घ्या, तिला मास्किंग टेप गुंडाळा, बुडाशी एक पदर जास्त, आणि किंचित वाक द्या. सरळ माड फक्त चित्रात असतो. झावळी साधारण दोन सेंटिमीटरची: पातळ कागद दोन्ही बाजूंनी रंगवा, मधे घडी घाला, कात्रीने दोन्ही कडांना बारीक चिरा द्या, मग बोटाने खाली वाकवा. एका माडाला पंधरा-सोळा. खालच्या दोन झावळ्या वाळक्या, तपकिरी आणि लोंबत्या ठेवा. त्या दोन वाळक्या झावळ्यांनीच माड खरा होतो. पोफळीला मात्र वाक नको, ती सुईसारखी सरळ.

आणि तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या फेकू नका. रंगवल्या की झेडमध्ये त्यांची बारकी झाडं होतात.

किल्लेदार

आम्ही दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरायचो, चार दिवसांत हिरवागार. इथे जमेल का?

पिवळा_सिग्नल

हळिवाचं रोप तीन सेंटिमीटर. गुणिले २२० म्हणजे ६ मीटर ६० सेंटिमीटर. किल्लेदार, तुमच्या किल्ल्यावर दर दिवाळीला जंगल उगवत होतं.

किल्लेदार

तरीच मावळे सापडायचे नाहीत!

अचूक_मोजमाप

निसर्गाचं चाललंय ते चालू द्या, पण पायाच चुकतोय तिकडे कोणाचं लक्ष नाही. साडेसहा मिलिमीटर गुणिले २२० म्हणजे १४३० मिलिमीटर, ते झालं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६. झेडमध्ये रूळ ७.६ मिलिमीटरवर हवेत. आपल्या गाडीचं रुंद बसणं हीच तिची ओळख आहे, आणि तुमच्या पुलावर ती चिंचोळ्या रुळांवर तोल सांभाळत उभी दिसेल.

उपाय आहे. एनचे ९ मिलिमीटरचे रूळ घ्या आणि सगळं १:१८६ ला बांधा. गेज अगदी बरोबर येतं. पूल २ मीटर २८ लांब आणि ३४ सेंटिमीटर उंच होईल, तुमच्या बोर्डात तरीही मावेल.

खडी: रेल्वेची खडी साधारण ६५ मिलिमीटरपर्यंतची. झेडमध्ये ०.३ मिलिमीटर. तुम्ही टाकलेले दाणे दीडेक मिलिमीटरचे दिसतात, म्हणजे फूटभराचे धोंडे. जे रुळांच्या पायाशी चुकतं ते सगळीकडे चुकतं.

निवसरकर

अचूक, १:१८६ चं गणित खरंच मोहात पाडणारं आहे. पण गाडीचा सांगाडा मी १:२२० ला थ्री-डी प्रिंट करून घेतलाय, आणि खालची यंत्रणा जपानी झेड गाडीची आहे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं बळ आता नाही. १.१ मिलिमीटरचा फरक मनात ठेवून पुढे जातो. खडीचं मात्र शंभर टक्के मान्य. काढतो ती.

मृदुलाताई, काल रात्री मामाला फोन करून विचारलं, "आपला गडगा कोणत्या रंगाचा?" तो म्हणाला, "लाल." मग जरा थांबून म्हणाला, "थांब, बघून सांगतो." बाहेर जाऊन आला आणि म्हणाला, "काळो रे."

खाडीकाठ

खडीसाठी समुद्राची वाळू आणायच्या विचारात असाल तर थांबा, आधी हे वाचा.

मी एनमध्ये खाडीकाठचं एक छोटं स्टेशन केलंय. वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची, धुऊन, वाळवून, चाळून. रंग झकास, दाणा झकास. आठ दिवस गाडी नीट धावली. नवव्या दिवशी इंजिन कण्हल्यासारखा आवाज करत थांबलं. उघडलं तर मोटरच्या चुंबकाभोवती काळी लव उभी राहिलेली, गिअरच्या दातांत तीच. आपल्या किनाऱ्याच्या वाळूत काळे कण असतात ना, त्यांत लोहचुंबकाला चिकटणारे बरेच असतात. इल्मेनाइट, मॅग्नेटाइट. गाडी रुळावरून जाता जाता ते खालून ओढून घेते. गिअर सुईच्या टोकाने साफ करायला मला दोन संध्याकाळ लागल्या आणि मोटर गेली ती गेलीच.

म्हणून वाळू असो, माती असो, जांभ्याचा चुरा असो: कागदावर पातळ पसरा, जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून पाच-सात वेळा फिरवा. पिशवी उलटी केली की काळे कण आपोआप गळतात. चुंबकाला काही चिकटेनासं होईपर्यंत करा. जांभ्यात तर लोहच लोह, त्याला विसरू नका. झेडची मोटर एनपेक्षाही नाजूक.

घाटमाथा

हे सोन्यासारखं आहे. वाचनखूण साठवली.

मुंबई_दमट

मातीचा विषय निघालाच आहे तर आमच्या हवेचंही बोलू. परदेशी व्हिडिओ बघून मी चहाचा वाळवलेला चोथा जंगलातल्या जमिनीसाठी वापरला. जूनमध्ये त्यावर पांढरी बुरशी आली. ऑगस्टमध्ये मुंग्या. रव्याची खडी केली होती, तिला किडे. खाण्याचा कोणताही पदार्थ आपल्याकडे टिकत नाही, कितीही फेविकॉल ओता.

प्लायवूडही फुगतं. माझ्या बोर्डाचा कोपरा एका पावसाळ्यात चार मिलिमीटर उचलला गेला, झेडमध्ये ती जवळजवळ मीटरभर उंची झाली! आता फोमचा पाया, खाली ॲल्युमिनिअमची चौकट. आणि पाण्यासाठी रेझिन ओतणार असाल तर जुलैत ओतू नका, मी ओतलं आणि वर दुधाळ चिकट साय धरली.

घाटमाथा

पावसाळ्याचा देखावा असेल तर रेझिन हवंच कशाला? पावसातली नदी गढूळ, आत काही दिसतच नाही. तळ सपाट ठेवा, मधे गडद तपकिरी, कडेला फिका, दगडाशी पांढरट रेघ, आणि वरून चकाकणाऱ्या वॉर्निशचे पाच-सहा पातळ हात.

कोथरूडकर

थोडं अवांतर. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय कोणी बघितलंय का? मी चौथीत असताना बाबांनी नेलं होतं. तिथलं माप एचओ, १:८७, म्हणजे या धाग्याच्या मानाने अवाढव्य. पण दिवे मालवून रात्र केली आणि छोट्या घरांच्या खिडक्या लागल्या, तेव्हा मी बाबांचा हात घट्ट धरला होता ते आठवतं. माझ्या छंदाची सुरुवात ती.

मीनल_हॅम्बुर्ग

कोथरूडकर, मी पण! आणि आता राहते हॅम्बुर्गमध्ये, जिथे मिनिआटूर वुंडरलँड आहे. २००१ साली सुरू झालं, तेही १:८७. तिथे दर पंधरा मिनिटांत दिवस उगवून मावळतो. पाहुणे आले की मी त्यांना तिकडेच नेते, त्यामुळे बऱ्याचदा बघून झालंय.

त्यांच्याकडून या धाग्याला उपयोगी असं एकच सांगते: उजेड. आपण देखाव्यावर जीव टाकतो आणि मग वर हॉलची ट्यूबलाइट. निवसरकर, तुम्हाला पावसाळा हवा असेल तर सावल्याच नकोत. एलईडीची पट्टी बोर्डाच्या पूर्ण लांबीभर, तिच्याखाली बटर पेपर ताणून लावा. ढगाळ उजेड येतो. त्या उजेडात खोट्या हिरव्याचा खोटेपणाही निम्मा होतो. उन्हाळा हवा असेल तर एकच दिवा, एकाच बाजूने.

पण आधी ऋतू ठरवा. तुमच्या फोटोत एका बाजूला भाताची हिरवी खाचरं आहेत आणि दुसऱ्या बाजूला गवताची उडवी रचलेली. दोन्ही एकाच दिवशी कशी?

निवसरकर

मीनल, ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. उडवी काढली. ऋतू ठरला: जुलैचा शेवट, लावणी संपलेली. साल २००५ च्या आसपास, म्हणजे डिझेल इंजिन आणि वर तारा नाहीत. (विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं.) खोदाईच्या उतारावर दरड अडवायच्या जाळ्या दाखवायच्या आहेत, त्यासाठी फ्रॉकच्या नेटचा तुकडा करडा रंगवून बघतोय.

खाचरांसाठी काही सुचवा. आणि पुलाच्या लांबीवर अजून कोणी बोललं नाही.

पोफळी

खाचरं: जुना टर्किश टॉवेल. खाचराच्या आकाराचे तुकडे कापा, लव कात्रीने दोन मिलिमीटरवर आणा, म्हणजे मापाने चाळीसेक सेंटिमीटर, जुलैअखेरच्या भाताची उंची. रंग पोपटी, पण प्रत्येक खाचराचा थोडा वेगळा, कारण सगळ्यांची लावणी एका दिवशी होत नाही. बांध अर्धा मिलिमीटरपेक्षा उंच नको. एक खाचर रिकामं ठेवा, नुसतं पाणी आणि कोपऱ्यात तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) दोन मुठी.

घाटमाथा

लांबी. माझं मत: आखडा. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, एनमध्ये १७५ मीटर होतात. मी त्यातून मंकी हिल, दोन बोगदे, एक धबधबा आणि मागून ढकलणारी इंजिनं एवढं घेतलं. १ ला ३७ चा चढ तेवढा खरा ठेवला, कारण बोरघाट म्हणजे तो चढ. बाकी सगळं गाळलं, आणि लोकांना घाट ओळखू येतो. पूल दीड मीटरचा केलात तर दोन्ही बाजूंना ४५-४५ सेंटिमीटर डोंगर मिळेल. आत्ता २३-२३ च आहे. पुलाला दोन टोकं लागतात, नाहीतर तो हवेत सुरू होऊन हवेत संपतो.

अचूक_मोजमाप

आखडू नका. गणित बघा. जुन्या पद्धतीचा डबा बफरसकट साधारण २२.३ मीटर. अठरा डबे म्हणजे ४०१ मीटर, त्यात डिझेल इंजिनाचे १७. एकूण ४१८. पूल ४२४. म्हणजे अठरा डब्यांची गाडी त्या पुलावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अख्खी मावते, बाहेर काही उरत नाही. दीड मीटरच्या पुलावर तेरा-चौदा डबे मावतील, किंवा गाडी पुलाबाहेर लोंबेल. मोठ्या मापांत कोणालाच अख्खी गाडी ठेवता येत नाही, एचओमध्ये ती पावणेपाच मीटर होते. तुम्ही झेड निवडलंत त्याचं सगळ्यात मोठं देणं हेच आहे.

घाटमाथा

मी माझं मत मागे घेतो. बोरघाट म्हणजे चढ, तसं पानवल म्हणजे लांबी. मग डोंगर रुंदीत मिळत नसेल तर खोलीत मिळवा. टोकाला गाडी लगेच बोगद्यात घाला. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत, कोणाला खटकणार नाही. तिथलं वळणही लपेल, कारण खऱ्या मार्गाची वळणं कमीत कमी १२५० मीटर त्रिज्येची. झेडमध्ये ती पावणेसहा मीटर, तुमच्या हॉलमध्ये न मावणारी. आणि मागे, पार्श्वभूमीला लागून, घरं टी स्केलची लावा, १:४५०. अर्ध्या मापाचं घर मागे ठेवलं की दरी दुप्पट खोल होते. झाडंही मागे जाताना लहान करत न्या, फोमचा दाणाही बारीक.

तांबडी_माती

आणि मागच्या त्या घरांच्या कौलांना तरी लाल द्या, मृदुलाताईंना सांगू नका.

मृदुला_चिपळूण

कौलं लालच! नवी आणि जुनी मिसळून. एका छपरावर मधेच तीन नवी कौलं टाका, माकडांनी फोडलेली बदललेली.

निवसरकर

चार महिन्यांनी धागा वर काढतोय. फोटो सोबत आहेत.

पूल पूर्ण लांबीचा ठेवला. दोन्ही टोकांना बोगदे. सगळी हिरवळ खरवडून काढली आणि घाटमाथांच्या रीतीने परत केली. गोळे मोजले नाहीत, पण पाचशेच्या वर गेले असतील. लाल फक्त तीन ठिकाणी: बोगद्याच्या तोंडाची खोदाई, खाली उतरणारी पायवाट, आणि मामाच्या गडग्यावरचा एक ओरखडा. तो केसाच्या एका टोकाने काढलाय, मिलिमीटरभरसुद्धा नाही. सगळी माती चुंबकाखालून काढली. खाडीकाठ, मुठीत मावेल एवढी काळी पूड निघाली, शपथेवर सांगतो.

माड खाली पऱ्याला, अकराच केले, प्रत्येकाला दोन वाळक्या झावळ्या. पोफळी बावीस. एक खाचर रिकामं, तरव्याच्या मुठी ठेवून. बटर पेपरखालचा उजेड लावला त्या संध्याकाळी मी बराच वेळ नुसता बसून होतो.

अठरा डबे अजून झालेले नाहीत, अकरा झालेत. ते पुलावर उभे केले आणि आईला बोलावलं. ती आली, वाकली, चष्मा वर केला. गाडीकडे बघितलंच नाही. खाली उजवीकडे बोट दाखवून म्हणाली, "इथे साकव होता. पावसात आम्ही त्याच्यावरूनच शाळेत जायचो. तू तो का नाही केलास?"

साकव, म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पायपूल, आता करतोय. दोन सेंटिमीटरचा, काड्यापेटीच्या काडीचे उभे काप करून.

घाटमाथा

साकवाला एका बाजूने धरायचा बांबू असतो, तो विसरू नका. आणि खांबांवर पावसाचे काळे ओघळ फार खरे आलेत, कसे केलेत?

निवसरकर

काळी शाई, तिच्या दसपट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब. कोरड्या ब्रशने वरून खाली, एका खेपेला एकच रेघ, वाळली की दुसरी. समुद्राकडच्या बाजूला जास्त दिलेत, पाऊस तिकडून येतो. बांबू लावतो.